'द रेव्हेनंट' : चोरलेल्या बंदुकीची सूडकथा कशी झाली

१८२४ सालच्या जून महिन्यात ह्यू ग्लास नावाचा एक शिकारी मिसूरी नदीकाठच्या फोर्ट ॲटकिन्सन या लष्करी ठाण्यात पोहोचला. हे ठाणे आजच्या नेब्रास्का राज्यात, ओमाहा शहराच्या उत्तरेला होते. आदल्या वर्षी अस्वलाने फाडलेल्या ग्लासला मरणासन्न अवस्थेत माळरानावर टाकून जे दोघे निघून गेले होते, त्यांच्यापैकी फिट्झगेराल्ड हा माणूस त्याला अखेर इथे सापडला. परंतु फिट्झगेराल्ड एव्हाना सैन्यात भरती झाला होता आणि सरकारी सैनिकाला मारणाऱ्याची गय होणार नव्हती. ठाण्यावरच्या अधिकाऱ्याने ग्लासला तसे बजावले आणि फिट्झगेराल्डने नेलेली त्याची बंदूक तेवढी त्याला परत मिळवून दिली. रक्ताचा थेंबही न सांडता प्रकरण तिथेच मिटले.

आलेहान्द्रो गोन्सालेस इन्यारितू या मेक्सिकन दिग्दर्शकाचा 'द रेव्हेनंट' हा चित्रपट डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यात हीच गोष्ट आहे, पण तिचा शेवट बर्फावर सांडलेल्या रक्ताने होतो. चित्रपटातल्या ग्लासला एक मुलगा आहे, तो त्याच्या डोळ्यांदेखत फिट्झगेराल्डच्या हातून मारला जातो आणि त्या खुनाचा सूड हेच बापाच्या जगण्याचे कारण ठरते. इतिहासातल्या ग्लासला असा मुलगा असल्याचा कोणताही पुरावा नाही. ज्या गोष्टीत मुळात खून नव्हता तिच्यात तो का घालावा लागला, आणि तो घातल्यामुळे काय साधले व काय निसटले, हे समजून घ्यायचे तर आधी त्या बंदुकीची किंमत कळायला हवी. आणि बंदुकीची किंमत कळायची तर एका टोपीपासून सुरुवात करावी लागते.

टोपी, बीव्हर आणि मिसूरी नदी

सुमारे तीन शतके युरोपातल्या प्रतिष्ठित पुरुषाच्या डोक्यावरची उत्तम टोपी बीव्हर या प्राण्याच्या केसांपासून बनत असे. बीव्हर आपल्याकडे आढळत नाही. तो उंदीर आणि खारींसारखाच कुरतडणारा प्राणी आहे, पण त्याचे वजन वीस किलोंच्या आसपास भरते, शेपटी चपटी असते आणि झाडे पाडून ओढ्यांवर बंधारे घालणे हा त्याचा स्वभाव असतो. थंड पाण्यात राहता यावे म्हणून त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वरचा लांब व राठ, आणि आतला आखूड, दाट व मऊ. आतल्या केसांवर इतके बारीक खवले असतात की ओलावा, उष्णता आणि दाब मिळाला की ते एकमेकांत गुंततात आणि त्यांचा काश्मिरी नमद्यासारखा घट्ट पत्रा तयार होतो. त्या नमद्याची टोपी पावसात भिजून लोळागोळा होत नसे, तिला हवा तो आकार देता येई आणि ती वर्षानुवर्षे टिके.

या टोपीपायी युरोपातले बीव्हर जवळजवळ संपले, तेव्हा व्यापाऱ्यांनी उत्तर अमेरिकेच्या नद्यांकडे मोर्चा वळवला. १६७० मध्ये सनद मिळालेली हडसन्स बे कंपनी याच व्यापारावर उभी राहिली. आपल्याकडे आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीप्रमाणेच तिलाही इंग्लंडच्या राजसत्तेने मक्तेदारी दिली होती. पुढे १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा मुलूख दीड कोटी डॉलरना विकत घेतला. विकणारा तिथे राहत नव्हता आणि घेणाऱ्याने तो पाहिला नव्हता. जे तिथे पिढ्यान्पिढ्या राहत होते त्यांना या व्यवहारात कोणी विचारले नाही, आणि 'द रेव्हेनंट'मधल्या प्रत्येक बाणामागे हा न विचारलेला प्रश्न उभा आहे.

फेब्रुवारी १८२२ मध्ये विल्यम ॲशली या सेंट लुईसच्या उद्योजकाने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की मिसूरी नदीच्या उगमापर्यंत जाण्यासाठी शंभर उद्योगी तरुण हवे आहेत आणि त्यांना एक ते तीन वर्षे तिथे काम मिळेल. त्याचा भागीदार ॲन्ड्र्यू हेन्री हा चित्रपटातला कॅप्टन हेन्री होय. तोपर्यंतची रूढ पद्धत अशी होती की शिकार स्थानिक जमातींनी करायची आणि कंपन्यांनी आपल्या ठाण्यांवर बसून कातडी विकत घ्यायची. ॲशली आणि हेन्री यांनी आपलीच माणसे थेट डोंगरदऱ्यांत पाठवून त्यांच्याकडून सापळे लावून घ्यायचे ठरवले. सापळे लावणाऱ्या या शिकाऱ्यांना ट्रॅपर म्हणत. हा बदल कागदावर लहान दिसतो, परंतु पुढच्या वर्षीची लढाई त्यातूनच पेटली.

ट्रॅपरचे काम अत्यंत कष्टाचे होते. बीव्हरची लव थंडीत सर्वांत दाट होते, म्हणून हंगाम पाने गळू लागल्यापासून नद्या गोठेपर्यंत आणि बर्फ वितळू लागल्यानंतर पुन्हा काही आठवडे असा असे. बीव्हरला माणसाचा वास लागू नये म्हणून ट्रॅपर ओढ्याच्या गार पाण्यातून चालत जाई, लोखंडी सापळा पाण्याखाली बसवी आणि वर काडीला बीव्हरच्याच ग्रंथींतून काढलेला उग्र वासाचा द्रव लावून ठेवी. सापडलेला प्राणी साखळीच्या वजनाने बुडून मरे. मग कातडे सोलणे, खरवडणे, विलो झाडाच्या लवचीक फांदीच्या कड्यावर ताणून वाळवणे आणि गठ्ठे बांधणे. चित्रपटाच्या आरंभी बाणांचा वर्षाव होत असतानाही माणसे जीव सोडून गठ्ठे का उचलतात, याचे उत्तर इथे आहे : वर्षभराची सगळी कमाई त्या गठ्ठ्यांत बांधलेली असे.

बंदूक गेली म्हणजे काय गेले

त्या काळची बंदूक नळीच्या तोंडातून भरावी लागे. आधी मोजून दारू ओतायची, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने खालपर्यंत ठासायची, चापाजवळच्या पेल्यात चिमूटभर दारू ठेवायची आणि गारगोटीच्या ठिणगीने ती पेटवायची. सराईत हातालाही एका बारासाठी अर्धा मिनिट तरी लागे आणि तेवढ्या वेळात धनुर्धारी अनेक बाण सोडू शके. ओल्या दारूची बंदूक तर निव्वळ काठीच ठरे.

एवढी गैरसोयीची असूनही ती ट्रॅपरचा प्राण होती, कारण शेकडो किलोमीटरच्या टापूत दुसरे दुकान नव्हते. बंदुकीने रानरेडा पडे, म्हणजे मांस, चरबी, पांघरूण आणि जोड्यांचे कातडे मिळे. बंदुकीसोबतच्या पिशवीत चकमक आणि गारगोटी असे, म्हणजे आग मिळे. सुरीने कातडे सुटे आणि लाकूडही तासले जाई. फिट्झगेराल्ड आणि त्याचा सोबती यांनी ग्लासची बंदूक, सुरी आणि चकमक हे सगळे नेले, कारण मेलेल्या माणसाचे सामान मागे ठेवून गेलो असे सांगितले असते तर तो खरोखर मेला यावर कोणाचा विश्वास बसला नसता. म्हणजे ही चोरी आपला खोटेपणा झाकण्यासाठी केलेली होती, आणि तिचा अर्थ जिवंत माणसाला ठरवून मारणे असाच होता. १८२४ मध्ये फोर्ट ॲटकिन्सनला ऐकणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागले नसेल. २०१५ च्या प्रेक्षकाला मात्र ती फक्त एक बंदूक वाटते, आणि एका बंदुकीसाठी कोणी तीनशे किलोमीटर सरपटत जाईल हे त्याच्या मनाला पटत नाही. चित्रपटकर्त्यांना मुलाची गरज भासली ती या जागी, असे मला वाटते.

१८२३ साली काय घडले

ग्लासच्या आधीच्या आयुष्याबद्दल कथा पुष्कळ आहेत. तो काही काळ समुद्री चाच्यांच्या तावडीत होता, नंतर पॉनी जमातीत राहिला, असे सांगतात. त्याला कागदोपत्री आधार नाही. चित्रपटातली ग्लासची पॉनी पत्नी आणि तिच्यापासून झालेला हॉक हा मुलगा या दंतकथेच्या बीजातून वाढलेले आहेत. १८२३ पासून मात्र जमीन थोडी घट्ट होते.

त्या वर्षी २ जूनला पहाटे मिसूरीच्या काठी, आजच्या साउथ डकोटा राज्यात, अरिकारा जमातीने ॲशलीच्या माणसांवर हल्ला केला. वाळूच्या किनाऱ्यावर घोड्यांसह अडकलेल्या तुकडीतले बारापेक्षा जास्त लोक मारले गेले आणि ग्लासच्या पायाला गोळी लागली. त्यानंतर त्याने मृत तरुणांपैकी एका गार्डनर नावाच्या मुलाच्या वडिलांना पत्र लिहिले. तुमचा मुलगा त्या दिवशी सकाळी गेला, गोळी लागल्यावर तो थोडा वेळ जिवंत होता, त्याने तुम्हाला कळवायला सांगितले, आमच्यातल्या स्मिथ नावाच्या तरुणाने त्याच्यासाठी प्रार्थना केली, असा त्याचा आशय आहे. ग्लासच्या नावावर एवढा एकच लेखी मजकूर उरला आहे. ज्या माणसाला पुढच्या दोन शतकांनी सूडाचा पुतळा केले, त्याने परक्याच्या मुलाच्या मरणाची बातमी त्याच्या बापाला इतक्या आस्थेने कळवावी, ही गोष्ट मला चित्रपट पाहताना सतत आठवत राहिली.

ऑगस्टमध्ये हेन्रीची तुकडी नदी सोडून पायी निघाली, कारण यलोस्टोन नदीच्या मुखाजवळच्या आपल्या ठाण्यावर पोहोचायचे होते. ग्रँड नदीच्या दोन फाट्यांच्या जवळ ग्लास इतरांपासून थोडा पुढे गेला असता त्याची गाठ पिल्लांसोबतच्या ग्रिझली मादीशी पडली. मेळघाटात किंवा चंद्रपूरच्या जंगलालगत राहणाऱ्या वाचकाला पिल्लांजवळची अस्वलीण काय करते हे सांगण्याची गरज नाही. आपल्याकडच्या अस्वलापेक्षा ग्रिझली बरीच मोठी असते एवढेच ध्यानात घ्यावे. इतरांनी येऊन तिला मारले तेव्हा ग्लासचे डोके, पाठ, हात आणि पाय फाटलेले होते.

तो रात्र काढणार नाही असे सर्वांना वाटले, पण तो मरेना. शत्रूच्या मुलखात सगळी तुकडी थांबवणे शक्य नव्हते, म्हणून हेन्रीने जादा पैशांचे आमिष दाखवून दोघांना मागे ठेवले : याचा श्वास थांबला की याला पुरा आणि या. त्यांतला एक फिट्झगेराल्ड आणि दुसरा एक कोवळा तरुण होता. हा तरुण म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेला वाटाड्या जिम ब्रिजर, असे नंतरच्या लेखनात येते आणि चित्रपटानेही तेच धरले आहे, पण सर्वांत जुन्या हकिगतीतून ते सिद्ध होत नाही. सुमारे पाच दिवसांनी दोघे निघून गेले.

ग्लास सरपटत, मग लंगडत, मिसूरीकाठच्या फोर्ट किओवा या ठाण्यापर्यंत पोहोचला. हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते आणि त्याला सहा आठवडे लागले असे मानले जाते. वाटेत त्याने झुडपांची फळे खाल्ली, मुळे उकरली आणि लांडग्यांनी पाडलेल्या रानरेड्याच्या वासराचे मांस मिळवले, असे हकिगती सांगतात. तिथून तो पुन्हा नदीच्या वरच्या अंगाला निघाला, वाटेत सोबतची माणसे अरिकारांकडून मारली गेली, तो वाचला आणि ऐन थंडीत बिगहॉर्न नदीच्या मुखाशी हेन्रीच्या नव्या ठाण्यात जाऊन उभा राहिला. त्या तरुणाला त्याने वय पाहून क्षमा केली. फिट्झगेराल्डचा शेवट आपण वर पाहिलाच.

ही हकिगत पहिल्यांदा मार्च १८२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मासिकात छापली गेली आणि ती ग्लासने लिहिलेली नव्हती, दुसऱ्या कोणी ऐकून लिहिलेली होती. तेव्हापासून ती दर पिढीने नव्याने सांगितली. मायकल पंक यांनी २००२ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली आणि चित्रपट काही अंशी त्या कादंबरीवर आधारलेला आहे. शीर्षकाचा शब्द फ्रेंच आहे. 'परत येणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनतो आणि मरणातून परतलेल्या माणसाला उद्देशून वापरला जातो.

माळरानाचा डोंगर आणि उन्हाळ्याचा हिवाळा

खरा ग्लास ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात, उघड्या गवताळ माळरानावरून सरपटला. तिथे देवदारांचे अरण्य नव्हते, कडे नव्हते आणि बर्फही नव्हते. चित्रपटात हे सगळे आहे, कारण त्याचे चित्रीकरण कॅनडाच्या अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांतल्या डोंगरांत झाले, आणि तिथला बर्फ अवेळी वितळल्यावर चमूला शेवटच्या भागासाठी दक्षिण गोलार्धात, अर्जेंटिनाच्या टोकाशी असलेल्या उशुआइआ परिसरात जावे लागले. इतिहासाचा आग्रह धरणाऱ्याला ही मोडतोड वाटेल. मला ती समजून घेण्याजोगी वाटते, कारण माळरानावरचा धोका म्हणजे तहान, भूक, सडणारी जखम आणि अंतर. हे सगळे संथ असते आणि पडद्यावर दिसत नाही. थंडी मात्र दिसते. ती श्वासाच्या वाफेत, दाढीतल्या बर्फात आणि थरथरत्या बोटांत दाखवता येते.

ती किती खरी दाखवली आहे हा वेगळा प्रश्न आहे. माणसाच्या शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बुद्धी मंदावते, हात ऐकेनासे होतात, आणि आणखी उतरले की थरथरणेही थांबते. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने शरीरातली ऊब शोषते. त्यामुळे भिजलेले जड कातडे पांघरून बर्फाळ प्रवाहातून बाहेर पडलेला जखमी माणूस, आग आणि कोरडे पांघरूण नसताना, फार वेळ तग धरणे अशक्यप्राय आहे. चित्रपट इथे प्रेक्षकाच्या श्रद्धेवर चालतो. उलट मेलेल्या घोड्याचे पोट फाडून आत झोपण्याचा प्रसंग अनेकांना अतिरेकी वाटतो, पण त्यामागची युक्ती शहाणपणाची आहे, कारण मोठ्या जनावराचे धूड तासन्‌तास ऊब धरून ठेवते आणि वाराही अडवते. ओला अंगरखा काढून मगच तो आत शिरतो, हा तपशील योग्य आहे.

मानेच्या जखमेवर बंदुकीची दारू ठेवून ती पेटवण्याचा प्रसंग कोणी उपाय म्हणून लक्षात ठेवू नये. डागल्याने रक्त थांबू शकते हे खरे, पण जळलेले मांस म्हणजे मेलेले मांस आणि तिथेच जंतू वाढतात. ग्लासच्या दंतकथेत याहून चांगला उपाय आहे : त्याने पाठीची सडलेली जखम किडलेल्या ओंडक्यावर टेकवून अळ्यांना मेलेले मांस खाऊ दिले असे सांगतात. हे घडले की नाही हे सिद्ध करता येत नाही, पण काही माश्यांच्या अळ्या फक्त मृत ऊती खातात आणि जखम स्वच्छ करतात हे आजचे वैद्यकही मानते व निर्जंतुक अळ्या त्यासाठी वापरते. आणखी एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. चित्रपटातल्या ग्लासला रानरेड्याचा सांगाडा मिळतो तेव्हा तो हाडांतला मगज खातो. थंडीत केवळ चरबीविरहित मांसावर माणूस जगू शकत नाही. यकृताला ठरावीक मर्यादेपलीकडे प्रथिने पचवता येत नाहीत आणि पोट भरलेले असूनही माणूस खंगत जातो. मगजात चरबी असते. ज्याने तो प्रसंग लिहिला त्याला उपासमार म्हणजे काय हे ठाऊक होते.

नैसर्गिक प्रकाशाचा हट्ट

छायालेखक इमॅन्युएल लुबेझ्की यांनी जवळजवळ संपूर्ण चित्रपट सूर्याच्या आणि शेकोटीच्या उजेडात टिपला. उत्तरेकडच्या हिवाळ्यात उपयोगी उजेड दिवसाकाठी काही तासच मिळतो, म्हणून कलाकार तासन्‌तास तालीम करत आणि मग थोड्या वेळात लांबलचक, न तुटणारा प्रसंग चित्रित होई. यात खर्च वाढला, वेळापत्रक कोलमडले, पण जे मिळाले ते दिव्यांच्या झोतात मिळाले नसते. दिवे लावले की अभिनेता दृश्यापासून सुटा होतो. इथे ग्लासच्या चेहऱ्यावर पडणारा निळसर उजेड तोच आहे जो मागच्या डोंगरावर आहे, त्यामुळे माणूस आणि जागा एकाच हवामानात अडकलेली दिसतात.

दुसरी गोष्ट भिंगाची. लुबेझ्कींनी अतिशय रुंद दृश्यकोनाची भिंगे वापरली आणि कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला. अशा भिंगात जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट राहते, म्हणून जखमी माणसाचा डोळा आणि त्याच्या पाठीमागचे मैलभर पसरलेले रान एकाच चौकटीत येतात. काही क्षणी श्वासाची वाफ भिंगावर बसते. एरवी चूक म्हणून कापली गेली असती अशी ही गोष्ट त्यांनी ठेवली, आणि माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला तो सर्वांत प्रामाणिक निर्णय आहे. अस्वलाचा हल्लाही असाच, मध्ये कुठे तुटल्यासारखा न भासणारा आहे. अस्वल संगणकावर घडवलेले आहे, पण त्याच्या जागी निळा पोशाख घातलेला साहसदृश्य कलाकार प्रत्यक्ष झोंबत होता, म्हणून ग्लासची भूमिका करणाऱ्या लिओनार्डो डिकॅप्रिओच्या शरीराला बसणारे झटके खरे वाटतात. चित्रपटाला ऑस्करची बारा नामांकने मिळाली आणि दिग्दर्शन, मुख्य अभिनेता व छायालेखन असे तीन पुरस्कार मिळाले; लुबेझ्कींचा हा लागोपाठ तिसरा होता.

ज्यांना मुलगी शोधायची होती

अरिकारा लोक चित्रपटाच्या आरंभी झाडांतून येणाऱ्या बाणांच्या रूपात येतात, आणि बेसावध प्रेक्षक त्यांना जुन्या वेस्टर्न चित्रपटांतले हल्लेखोर समजून बसतो. प्रत्यक्षात ही शेती करणारी जमात होती. मिसूरीकाठी मातीच्या मोठ्या गोल घरांच्या गावांत ते राहत, स्त्रिया मका, घेवडा आणि भोपळ्याची शेती करत, आणि माळरानावर भटकणाऱ्या शिकारी जमाती व उत्तरेकडचे व्यापारी यांच्यातला धान्य, घोडे आणि बंदुकांचा व्यापार त्यांच्या गावांतून चाले. १७८० च्या सुमारास आलेल्या देवीच्या साथीने त्यांची बहुतांश माणसे नेली. १८०६ मध्ये त्यांचा एक प्रमुख अमेरिकी सरकारच्या निमंत्रणावरून वॉशिंग्टनला गेला आणि तिथेच वारला. त्याच्या मरणाची खबर ज्या रीतीने आली तिच्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. अशा स्थितीत ॲशलीची माणसे मधल्या व्यापाऱ्याला वगळून थेट वरच्या नद्यांत शिकारीला निघाली. नदी अडवणे हा अरिकारांच्या दृष्टीने पोटाचा प्रश्न होता.

जूनच्या हल्ल्यानंतर ऑगस्टमध्ये कर्नल हेन्री लेव्हनवर्थ सैन्य घेऊन आला आणि सू जमातीचे शेकडो योद्धे त्याच्यासोबत होते. मिसिसिपीच्या पश्चिमेला माळरानातल्या एखाद्या जमातीविरुद्ध अमेरिकी सैन्याने काढलेली ही पहिली मोहीम मानली जाते. अरिकारा रात्रीतून गावे सोडून निघून गेले आणि मागे ती गावे जाळली गेली. ग्लासला अस्वलाने गाठले ते याच महिन्यात. आज त्यांचे वंशज मँडन आणि हिडात्सा या जमातींसह नॉर्थ डकोटातल्या फोर्ट बर्थोल्ड इथे राहतात.

चित्रपटाने या इतिहासाचे काय केले? त्याने अरिकारा प्रमुखाला एक शोध दिला : त्याची पोवाका ही मुलगी पळवून नेलेली आहे आणि तो तिच्या मागावर आहे. तिला नेणारे फ्रेंच ट्रॅपर आहेत हे प्रेक्षकाला नंतर कळते. एकदा हे उमगले की आरंभीच्या हल्ल्याचा अर्थ बदलतो, आणि आपण ज्याला शत्रू समजत होतो तोही लेकरासाठी रानोमाळ हिंडणारा बापच आहे हे दिसते. पात्रे अरिकारा आणि पॉनी भाषा बोलतात हेही महत्त्वाचे आहे. या दोन्ही भाषा एकाच कुळातल्या आहेत, आणि जुन्या हॉलिवूडप्रमाणे त्यांच्या तोंडी मोडके इंग्रजी घातलेले नाही. वाटेत ग्लासला मदत करणाऱ्या पॉनी माणसाला फ्रेंच लोक फासावर देतात आणि त्याच्या गळ्यात 'आपण सगळेच रानटी आहोत' अशा अर्थाची फ्रेंच पाटी अडकवतात, तो प्रसंग विसरता येत नाही.

तरीही इथे माझी एक तक्रार आहे. ग्लासची पत्नी बोलते ती फक्त स्वप्नात, हवेत तरंगते, आणि तिचे सैनिकांकडून मारले जाणे ग्लासच्या दुःखाला खोली देण्यापुरतेच उपयोगात येते. मुलालाही जवळपास तेवढेच काम आहे. मूळ रहिवाशांच्या वेदनेची एवढी जाण असलेल्या चित्रपटाने दोन मूळ रहिवासी पात्रांना गोऱ्या नायकाच्या रागाचे इंधन करावे, हे मला खटकते.

'फ्रंटियर' हा शब्द

अमेरिकी लेखनात या सगळ्याला 'फ्रंटियर'ची गोष्ट म्हणतात. आपण त्याचे भाषांतर सरहद्द असे करतो, पण आपल्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना कोणाचे तरी राज्य असते. अमेरिकी अर्थ वेगळा आहे : वसाहतीची पुढे सरकणारी कड, जिच्या पलीकडे 'कोणी नाही'. १८९० च्या जनगणनेनंतर अधिकाऱ्यांनी जाहीर केले की अशी कड आता उरलेली नाही, आणि १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने त्यावरून मांडणी केली की अमेरिकी स्वभाव याच कडेवर घडला. दर चौरस मैलाला किमान दोन माणसे असतील तर तो भाग वसलेला, असे माप होते. मूळ रहिवाशांची गावे या हिशेबात वसाहत ठरत नव्हती. अरिकारांची मक्याची शेते ग्लासच्या आजोबांच्या काळातही तिथे होती. एकाच्या भाषेत जी कड, ती दुसऱ्याच्या भाषेत घरची नदी, आणि 'द रेव्हेनंट'चा मोठेपणा मला यात दिसतो की अरिकारा पडद्यावर येतात त्या प्रत्येक वेळी हा फरक जाणवतो.

सूड कोणाच्या हाती

चित्रपटातला पॉनी सोबती ग्लासला सांगतो की सूड निर्मात्याच्या हाती असतो. शेवटच्या झटापटीत, फिट्झगेराल्ड खाली पडलेला असताना, ग्लासला हे वाक्य आठवते आणि तो त्याला नदीत ढकलतो. पलीकडे अरिकारा उभे आहेत. ते त्याला मारतात आणि ग्लासला हात न लावता पुढे जातात, कारण त्यांच्यासोबत घोड्यावर पोवाका आहे, जिला ग्लासने सोडवले होते.

या शेवटाबद्दल मतभेद आहेत. कोणी म्हणतात, ग्लासने सूड सोडला. कोणी म्हणतात, त्याने तो दुसऱ्याकडून करवून घेतला. मला दुसरे मत जास्त पटते, कारण ढकलताना प्रवाह कुठे नेतो हे ग्लासला दिसत असते. पण लेखकांना तसे का करावे लागले हेही दिसते. एकदा मुलाचा खून कथेत घातला की १८२४ चा खरा शेवट अशक्य होतो. बंदूक परत देता येते, म्हणून बंदुकीच्या भांडणात अधिकारी मध्ये पडू शकतो आणि ते मिटू शकते. मुलगा परत देता येत नाही. खुद्द फिट्झगेराल्डच त्याला सांगतो की मला मारून तुझा मुलगा परत येणार नाही, आणि त्यानंतर ग्लास विजयी दिसत नाही. एकटा, धापा टाकत, तो थेट आपल्याकडे पाहतो आणि पडदा काळा झाल्यावरही त्याचा श्वास ऐकू येत राहतो.

खरा ग्लास बंदूक घेऊन पुन्हा कामाला लागला. त्याच सुमारास रेशमी टोपीची फॅशन येत होती, ओढे बीव्हरविना रिकामे होत चालले होते, आणि डोंगरांतला ट्रॅपरांचा शेवटचा वार्षिक बाजार १८४० मध्ये भरला. ग्लास तोपर्यंत जगला नाही. १८३३ च्या आरंभी यलोस्टोन नदीजवळ त्याला दोन साथीदारांसह अरिकारांनी मारले. नंतर छापलेल्या एका हकिगतीनुसार काही अरिकारा दुसऱ्या जमातीचे असल्याची बतावणी करून ट्रॅपरांच्या तळावर शेकोटीपाशी येऊन बसले, आणि त्यांच्यातल्या एकाच्या हातातली बंदूक पाहून तळावरच्या माणसांनी ओळखले की ही म्हाताऱ्या ग्लासची आहे.